साठ किलोसाठी काढलेले केस

कबड्डी मला जिवापाड आवडते आणि कबड्डी बघताना माझा जीव अर्धा होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचं एकमेकींशी काही भांडण नाही. कॉलेजात असताना मी स्वतः खेळायचे, डाव्या कोपऱ्यात उभी राहून भल्याभल्यांचे घोटे धरायचे, आणि तेव्हा मला कसलीच भीती वाटत नसे. भीती सुरू झाली ती बाहेर बसून बघायला लागल्यापासून. आपलं माणूस एकटं त्या सात जणांच्या अंगणात शिरलं की मी डोळे मिटून घेते आणि कानानं खेळ बघते. ‘कबड्डी कबड्डी’ ऐकू येतंय तोवर ठीक. आवाज मध्येच तुटला आणि धप्पकन काही पडलं की शेजारी बसलेल्या बाईच्या दंडात माझी नखं रुततात. आमचे हे म्हणतात, “भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणं, तुझ्या पाठी तर सगळी जत्रा हाय.”

टीव्हीवरची कबड्डी मी बघत नाही. तिथं खेळाडू गादीवर पडतात, वर रंगीत दिवे, आणि पंच कुणाचेच नातेवाईक नसतात. मला आपली मातीवरची हवी, जिथं पंच शाळेत पीटी शिकवणारे गुरुजी असतात, माईकवरचा माणूस त्यांच्या निर्णयावर जाहीर वाद घालतो आणि ऐन शेवटच्या चढाईला “एमएच सव्वीस पांढरी जीप बाजूला घ्या” असं ओरडतो. लातूरला मी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. आठवडाभर डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांची सुकलेली तोंडं बघायची आणि सुट्टी मिळाली की औसा, उदगीर, मुखेड, जिथं सामने असतील तिथं एसटीनं जायचं, हा माझा कितीतरी वर्षांचा क्रम.

माझं सासर मुदखेडच्या पलीकडचं एक खेडं. गावाचा कबड्डीचा संघ जुना आहे. माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, जवानीत त्या संघाकडून खेळले. ते अजूनही कबड्डीला हुतूतूच म्हणतात. आता माझा दीर खेळतो. शेती तोच बघतो, मामांबरोबर गावात तोच राहतो. सासूबाई गेल्या तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळं वहिनी म्हणजे निम्मी आई असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं आणि मीही फार आढेवेढे घेतले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात मामांच्या छातीत दुखलं. नांदेडला नेलं, दोन स्प्रिंगा बसवल्या. गावाकडं स्टेंटला स्प्रिंगच म्हणतात, आणि मी कितीही समजावून सांगितलं तरी मामांना वाटायचं की जोरात हसलं तर त्या निसटतील. त्यानंतर सगळं घर त्यांच्याकडं उतरंडीतल्या वरच्या मडक्यासारखं बघायला लागलं. आमचे हे लातूरचं काम सोडून दर आठवड्याला गावी जायला लागले. आणि मी, मुळातली घाबरट, फोन वाजला की आधी भिंत धरायची.

महाशिवरात्र झाल्यावर देगलूरकडं जत्रेतले सामने होते, साठ किलो वजनी गट. मामांना जायची लई हौस, पण डॉक्टरांनी गर्दी आणि ऊन दोन्ही बंद केलेलं. मग त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “तू जा संगं. त्यो खात न्हाई, त्याला खाऊ घाल. अन्‌ परतेक मॅच झाली की मला फोन कर. कुणी कसा खेळला ते सांग. यांना सांगता येत न्हाई, नुसतं जिंकलो, हारलो म्हणतेत.” यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला. हे मामांजवळ गावात थांबले आणि मी देगलूरला गेले. माझी धाकटी बहीण तिथंच दिलेली आहे, त्यामुळं राहायची चिंता नव्हती.

वजनी गट हा काय प्रकार आहे ते सांगायला हवं. आमच्याकडच्या गावोगावच्या सामन्यांत वयाची, गावाची, जातीची विचारपूस फारशी होत नाही, वजनाची होते. साठ किलोचा गट म्हणजे सकाळी काट्यावर साठच्या वर एक तिळही चालत नाही. काटा असतो कुठल्यातरी आडत दुकानातला, काल ज्याच्यावर हरभरा मोजला तोच. मग पोरं आदल्या दिवसापासून अन्न सोडतात, पाणी सोडतात, अंगात स्वेटरवर स्वेटर घालून उन्हात पळतात, तोंडात चिंच धरून थुंकत बसतात. वजन झालं रे झालं की दहा केळी आणि लिटरभर ताक. हे शरीराला किती वाईट आहे ते मी क्लासमध्ये फळ्यावर काढून दाखवू शकते. दिराला दाखवलंही. तो म्हणाला, “वहिनी, फळ्यावर सगळंच वाईट दिसतंय.”

त्या दिवशी सकाळी तो काट्यावर उभा राहिला आणि थोडा भरला. मैदानाला चकरा मारून आला, परत उभा राहिला. ओठ पांढरे पडलेले, डोळे लाल. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी. काटा शंभरेक ग्रॅम जास्तच दाखवत होता आणि वजनाची वेळ संपत आली होती. तेव्हा संघाच्या कप्तानाची नजर दिराच्या केसांवर गेली.

दिराचे केस म्हणजे गावाचं वैभव. दाट, मानेपर्यंत, तेल लावून मागं वळवलेले. कप्तानाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला कुठला भाग काढला तर चालतं याची सवय. तो म्हणाला, “काढ.”

जत्रेत जावळ काढायला न्हावी बसलेलेच होते. एका म्हाताऱ्या न्हाव्यापुढं दिराला बसवलं. केस उतरले. कप्तान म्हणाला, मिशीबी काढा. मी म्हटलं, “अहो, मिशीचं वजन ते काय असतंय?” तो म्हणाला, “वहिनी, काटा हाय त्यो. त्याला मिशीबी कळतीय.” न्हाव्यानं मिशी उतरवली. मग वस्तरा पुसता पुसता त्यानं अगदी हळू आवाजात दिराला विचारलं, “वडील का आई?”



आमच्यात बाप गेला की मुलगा डोकं करतो. केस, मिशी, सगळं. बाप जिता असताना कुणी असं डोकं करत नाही, तिरुपतीला गेलेला असेल तर गोष्ट वेगळी. मिशीसुद्धा काढायला लावली म्हटल्यावर न्हाव्यानं आपल्या मनानं अर्थ लावला होता आणि रीत म्हणून मागं बोटभर शेंडीही ठेवली होती. दिरानं हसून सांगितलं, “न्हाई बाबा, वजनासाठी.” न्हावी हसला नाही. वस्तरा ठेवून दोन्ही कानांना हात लावले.

दीर पळत काट्याकडं गेला. काटा बरोबर साठवर थांबला. पोरांनी त्याला उचलून घेतलं, माझ्या बहिणीनं टाळ्या वाजवल्या. मी मात्र न्हाव्याकडंच बघत होते. मी विज्ञान शिकवणारी बाई. अपशकुन, नजर, मांजर आडवं जाणं या सगळ्याची मी वर्गात टिंगल करते. तरी खरं सांगते, त्या क्षणी मला ते केस गोळा करून परत त्याच्या डोक्यावर ठेवावेसे वाटले.

पहिला सामना सोपा गेला. दिरानं एका चढाईत तिघांना बाद केलं, मी डोळे उघडे ठेवून बघितलं आणि घसा बसेपर्यंत ओरडले. नंतर संघानं फोटो काढला. आमच्या पोरांना फोटोत हसायचं माहीत नाही, पैलवानासारखं कपाळाला आठ्या घालून उभं राहायचं असतं. मधोमध दीर, तुळतुळीत डोक्याचा, खांद्यावर पांढरा टॉवेल, रात्रभर पाणी न पिऊन डोळे लाल, आणि दोन्ही बाजूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवलेले सहा गंभीर चेहरे. कप्तानानं तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला.

मी मामांना फोन लावला. यांच्याच फोनवरून ते बोलले. सगळा सामना ऐकला, मध्ये मध्ये “हाव, हाव” म्हणत. शेवटी म्हणाले, “दम पुरून राहिला का त्याचा?” मी म्हटलं पुरतोय. डोकं केल्याचं सांगायला जीभ रेटली नाही. म्हटलं घरी आल्यावर बघतीलच.

दुसरा सामना उपांत्य फेरीचा. तो अर्ध्यावर असताना लातूरच्या आत्याबाईंचा, म्हणजे मामांच्या बहिणीचा फोन आला. मी “बोला आत्या” म्हणते तोच त्या हंबरडा फोडून म्हणाल्या, “कधी झालं गं माय?”

मी म्हटलं, “काय कधी झालं?”

आत्याबाई नाक ओढत म्हणाल्या, “न्हाई. काई न्हाई. तू कुठं हाईस?”

“देगलूरला. सामने हायत ना.”

“बरं बरं. जेवून घे पोटभर.” आणि फोन ठेवला.

मी फोनकडं बघत राहिले. ‘जेवून घे पोटभर.’ हे वाक्य मला ओळखीचं होतं.

माझे वडील गेले तेव्हा मी लातूरला होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे कामानिमित्त बाहेरगावी. फोन आला की पप्पांची तब्येत जरा नरम आहे, जेवून घे आणि ये. मी जेवले. एसटीत खिडकीची जागा मिळाली. वाटेत शेंगा घेतल्या. गोळ्या वेळेवर घेत नाहीत म्हणून त्यांना काय काय बोलायचं ते मी मनात ठरवत होते, शेजारच्या बाईला त्यांचे किस्से सांगून हसवत होते. फाट्यावर उतरले आणि आमच्या दारातली माणसं दिसली. सगळ्या जगाला माहीत होतं, आणि मी शेंगा खात होते. आमच्याकडं ही रीतच आहे. लांबच्या माणसाला खरं सांगत नाहीत. रस्त्यात एकटं असताना त्याचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून. रीत प्रेमाचीच आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या शेंगा अजून माझ्या घशाखाली उतरलेल्या नाहीत.

मी यांना फोन लावला. ‘आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.’ परत लावला. व्यस्त. आपला संघ उपांत्य सामना जिंकला, पोरं नाचत होती, बहीण माझा हात ओढत होती, आणि मी कानाला फोन धरून ती बाई ऐकत होते. एवढं हे कुणाशी बोलत असतील? यांना पाच मिनिटं सलग बोलताना मी लग्नात सुद्धा पाहिलेलं नाही.

मग मुदखेडच्या काकांचा फोन आला. काका म्हणजे मामांचे चुलतभाऊ. आवाज घोगरा. “सूनबाई, मी निघालोय गावाकडं. तू घाबरू नको. अन्‌ कुणाला काई इचारू नको आताच.”

“काका, झालंय काय?”

“तू ये आधी. आल्यावर बोलू.”

बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, “अय्यो अक्का, काही नसंल. तू लई इचार करतीस.” मन चिंती ते वैरी न चिंती, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून मी शेवटचा उपाय केला, गावातल्या शेजारणीला फोन लावला. ती रानात होती. म्हणाली, “मला काई ठाऊक न्हाई वहिनी. पण आमची जाऊ म्हणून राहिली की तुमच्या दारात लई माणसं जमलीत. मी बी निघालेच.”

तोवर अंतिम सामना सुरू झाला होता.

तो सामना मला आठवतो तो असा. ऊन उतरलेलं, मातीवर पाणी मारलेलं, हलगी चाललेली, माईकवरचा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडत होता. समोरचा संघ कर्नाटकातल्या सीमेवरचा, तगडा. दीर आत जात होता, परत येत होता. शेंडी उडत होती आणि माणसं त्याला ‘शेंडी, शेंडी’ म्हणून हाका मारून हसत होती, आणि तोही हसत होता. मी डोळे मिटले. ‘कबड्डी कबड्डी कबड्डी.’ त्याचा दम ऐकताना मला एकच वाटत होतं, हा आता एसटीत बसलाय. हा शेंगा खातोय.

मध्यंतर झालं. आपण तीन गुणांनी पुढं होतो. मी उठले. बहिणीनं पदर धरला. “अक्का, मॅच होऊ दे गं. त्येच्यात काय फरक पडतोय?” पोरं घोळका करून पाणी पीत होती तिथं मी गेले, तर माझ्या चेहऱ्यावरून कप्तानाला काहीतरी कळलं. तो आडवा आला. “वहिनी, काय असंल ते अर्ध्या घंट्यानं. तेवढंच. गावाचं नाव हाय.”

अर्धा घंटा. खरंच, अर्ध्या घंट्यानं काय बिघडणार होतं? गेलेलं माणूस तेवढ्यात परत येणार नव्हतं आणि जिवंत असलेलं जाणार नव्हतं. शहाणपण कप्तानाच्या बाजूलाच होतं. मला स्वतःची खात्री नव्हती, मी घाबरट म्हणून गावभर प्रसिद्ध, आणि चुकले असते तर आख्ख्या गावानं मला खाल्लं असतं. मी हे सगळं तिथं उभ्या उभ्या बघितलं. आणि तरी दिराच्या हसऱ्या तोंडाकडं बघून मला ते जमलं नाही. आपल्याला माहीत असताना समोरच्याला हसू देणं, हे मी करणार नव्हते.

मी म्हटलं, “भाऊजी, घरचा फोन लागत न्हाई. आत्याबाई रडून राहिल्या होत्या. काका गावाकडं निघालेत, कुणाला काई इचारू नको म्हणले. दारात माणसं जमलीत म्हणतेत. मला कुणी काई सांगितलेलं न्हाई. पण मला वाटून राहिलं की मामांचं कायतरी झालंय.”

त्यानं बाटली खाली ठेवली. सावकाश हात वर नेला आणि आपल्याच डोक्यावर ठेवला. तिथं केस नाहीत हे त्याला जणू तेव्हा कळलं.

“वहिनी,” तो म्हणाला, “मी आधीच डोकं करून बसलो की. म्या मारलं का त्यांला?”

असं काही नसतं, केसांचा आणि हृदयाचा काय संबंध, हे मी वर्गात घडाघडा बोलले असते. तिथं माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण सकाळपासून मलाही तेच वाटत होतं.

तो मैदानाबाहेर आला. मागं कप्तान ओरडत होता, माईकवरचा माणूस “देगलूरकर रसिकहो, हे काय चाललंय” म्हणत होता. बहिणीच्या नवऱ्यानं जीप काढली. दीर अर्ध्या चड्डीत, मातीनं माखलेला, तसाच मागं बसला. मी परत यांचा नंबर लावणार तर त्यानं माझा फोन काढून घेतला आणि बंद केला. बहिणीच्या नवऱ्यालाही म्हणाला, “दादा, तुम्ही बी बंद करा. जोवर कुणी सांगत न्हाई तोवर ते हायत. घरी जाऊन बघू.”

नरसी गेलं, नायगाव गेलं. रस्त्याच्या कडेला ज्वारी काढून ठेवलेली, माणसं बैलगाड्या भरत होती, सगळं रोजच्यासारखं, आणि मला त्या माणसांचा राग येत होता. दीर मधूनच एकच वाक्य म्हणायचा, “शंभर ग्रॅम होतं फकस्त.” मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. सांगितलं ते बरं केलं का? जिंकून घरी गेला असता, निदान तेवढं तरी पदरात पडलं असतं. आणि खरंच काही झालेलं नसेल तर? दर फर्लांगाला माझं मत बदलत होतं.

मुदखेडजवळ रेल्वेचं फाटक लागलेलं. मालगाडी येणार होती आणि ती येता येत नव्हती. बाजूला एक अनोळखी माणूस मोटारसायकलवर थांबला होता. त्यानं सहज आत बघितलं. दिराचं डोकं, मिशी नसलेला ओठ, शेंडी, आमची तोंडं. त्यानं गाडी बंद केली, डोक्यावरची टोपी काढली आणि दिराला हात जोडले. दिरानंही हात जोडले. मग तोंड टॉवेलात घातलं आणि हुंदके द्यायला लागला. मालगाडीचे डबे संपत नव्हते आणि त्या वेळी माझी खात्रीच झाली. मामा गेले.

गावात शिरलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. दारात खरंच माणसं होती. ओट्यावर, बाजेवर, खाली सतरंजीवर. डोक्यावर पदर घेतलेल्या बाया एका बाजूला. मी जीपमधून उतरले. मग दिसलं की त्या बायांच्या हातात कपबशा आहेत. रडायला आलेल्या बाया फुर्र फुर्र चहा पीत होत्या. आणि मधल्या बाजेवर, पाठीला लोड लावून, मामा बसले होते.

आधी आत्याबाईंनी फोटो बघितला होता. मामांच्या छातीत स्प्रिंगा आहेत हे सगळ्यांना ठाऊक, आणि मुलगा डोकं करून, खांद्यावर टॉवेल टाकून, लाल डोळ्यांनी चारचौघांत उभा. दुसरा अर्थ कुणी काढणार? त्यांनी काकांना कळवलं, काकांनी सगळ्या भावकीला. मला विचारलं तर मला काहीच माहीत नाही, म्हणजे हिला सांगितलेलं नाही, म्हणून सगळे गप्प. आणि यांचा फोन व्यस्त होता तो ‘अहो, वडील बसलेत माझ्यासमोर’ असं एकेकाला सांगण्यात. ऐकलं कुणीच नाही. थोरला मुलगा धक्क्यानं भ्रमिष्ट झाला असं समजून आणखी चार माणसं निघाली.

दीर जीपमधून उतरला तसा बायांनी एकदम “अगं बाई” केलं. जित्या बापासमोर डोकं केलेला मुलगा. मुदखेडच्या काकू धावत आल्या, त्याच्या डोक्यावर टॉवेल गुंडाळला, म्हणाल्या मीठ-मोहरी ओवाळल्याबिगर उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई. तो काही ऐकत नव्हता. तो नुसता मामांकडं बघत होता, लहान मुलासारखे ओठ काढून.

मामा म्हणाले, “काढ त्यो टॉवेल. हिकडं ये.”

तो जाऊन बाजेजवळ खाली बसला. मामांनी त्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. मग विचारलं, “फायनल?”

“सोडून आलो.”

“कामून?”

मीच म्हटलं, “मी सांगितलं त्यांना. मला वाटलं…” सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. तेवढ्यात कुणाच्यातरी फोनवर कप्तानाचा निरोप आला. आपण दोन गुणांनी हरलो होतो. मग जे हसू झालं ते मी आजही ऐकते. ‘सासऱ्याला जित्तेपणी मारणारी सून’ हे माझं गावातलं नाव तेव्हापासूनचं. हे सुद्धा हसले. मामा तेवढे हसले नाहीत. मला वाटलं, स्प्रिंगांच्या धाकानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत लातूरला जायला निघाले. मामा गोठ्याजवळ उन्हाला बसले होते. पाया पडले. त्यांनी मला खाली बसायला सांगितलं. मला वाटलं सामन्याबद्दल बोलतील, फायनलचा पहिला डाव विचारतील. त्यांनी बैलापुढं थोडा कडबा सारला.

“तुझे वडील गेले, तवा तुला कुणी सांगितलं न्हवतं,” ते म्हणाले.

“हाव.”

“म्याच म्हणलो होतो. तुझ्या माहेरून पहिला फोन मला आला. पोरगी एकटी हाय रस्त्यात, जेवून घे म्हणा, सांगू नका, असं म्याच म्हणलो.”

इतकी वर्षं मी त्या रीतीवर चिडत होते. रीतीला तोंड नसतं म्हणून चिडणं सोपं जात होतं. आता ते तोंड माझ्यासमोर बसलं होतं, दाढीचे पांढरे खुंट वाढलेलं, कानात बाळ्या घातलेलं, आणि त्याच्यावर चिडावं असं मला त्यात काही सापडेना.

“काल म्या बघितलं त्याचं तोंड,” मामा म्हणाले. “लई भ्यालेलं होतं. पण तू संगं होतीस, अन्‌ त्याला ठाऊक होतं कामून भ्यालाय ते.” मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. “आता ऐक. हे लोक माझ्या येळंला बी त्याला जेवून घे म्हणतील. माझा थोरला बी म्हणंल, त्येच्यात दम न्हाई. तू सांग त्याला. कुठं बी असला, खेळत असला तरी. काल सांगितलं तसंच.”

मी हाव म्हटलं. हाव म्हणताना मला इतकी भीती वाटली की मी त्यांचा हात धरला, आणि एसटीची वेळ निघून गेली तरी तो सोडला नाही.